सिगारेटपेक्षा बरं

माझ्या साडूला सगळे भाता म्हणतात. लोहाराच्या भात्यासारखी छाती, म्हणून भाता. छाती आता तशी राहिली नाही, नाव राहिलं. एके काळी तो ट्रॉम्बोन दुरुस्त करून पहिला सूर काढायचा तेव्हा आमच्या कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. आमची घरं भिंतीला भिंत लागून असल्यामुळे या बाबतीत माझ्यापेक्षा खात्रीचा साक्षीदार मिळायचा नाही. दोन सख्ख्या बहिणी शेजारीशेजारी राहायला लागल्या की त्यांच्या नवऱ्यांचं जे होतं तेच आमचं झालं. भांडायचं त्यांनी, निरोप पोचवायचे आम्ही, आणि समेट झाला की दोघींनी मिळून आमच्यावर घसरायचं.

वर त्याचं घर, खाली दुकान. दुकान म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा दवाखाना. शाळांचे बँड, अग्निशामक दलाचा बँड, हौशी मंडळी, सगळ्यांची दुखणी तिथे यायची. भिंतीवर ट्रम्पेटं उलटी टांगलेली, खिडकीपाशी लांब टेबल, टेबलावर बुचाचे तुकडे, सुईएवढ्या स्प्रिंगा, स्पिरिटचा दिवा आणि डबीभर गाद्या. या गाद्या बटणाएवढ्या. क्लॅरिनेटच्या अंगावरच्या भोकांवर चाव्यांची झाकणं असतात आणि झाकणाखाली पातळ कातडं मढवलेली अशी एकेक गादी. गादी भोकावर घट्ट बसली तर सूर निघतो. केसभर जरी उचललेली राहिली तरी वाजवणारा तोंड लाल होईपर्यंत फुंकतो आणि आतून म्हाताऱ्याच्या घोरण्यासारखं काहीतरी बाहेर येतं.

ही केसभर गळती शोधायची भात्याची पद्धत त्याच्या उस्तादाकडून आलेली होती. सिगारेटचा एक खोल झुरका घ्यायचा, क्लॅरिनेटचं खालचं तोंड बुचाने बंद करायचं, चाव्या बोटांनी दाबायच्या आणि धूर हळूच नळीत सोडायचा. मग डोळे बारीक करून बसायचं. ज्या झाकणाच्या कडेने धुराचा दोरा वर येईल ती गादी आजारी. हे बघायला मी कितीदा तरी त्या टेबलापाशी बसलोय. काळ्या लाकडातून निळसर दोरा उठायचा आणि भाता चोर सापडल्यासारखा हसायचा.

"मी सिगारेट ओढत नाही साडूभाऊ," तो म्हणायचा. "मी तपासणी करतो."

"मग जेवल्यावर गॅलरीत उभे राहून कोणाची तपासणी करता?" वरून त्याच्या बायकोचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा आवाज यायचा. मी तिला ताई म्हणतो, कारण ती वयाने मोठी आहे आणि तिच्याशी वाकडं घेणं परवडत नाही. "आणि परवा त्या मोठ्या ढोलाचं कातडं बदलत होतात, तेव्हाही तोंडात होतीच. ढोलाला कसली आलीय गळती?"

"खात्री केलेली बरी."

ढोलाची गळती हा आमच्या दोन्ही घरांतला पेटंट विनोद झाला. कोणी कामाच्या नावाखाली स्वतःची हौस भागवायला लागलं की दुसऱ्याने म्हणायचं, ढोलाची गळती बघतोय. माझी बायको मैत्रिणीकडे 'पाच मिनिटं' जाऊन संध्याकाळी परतली की मीही म्हणायचो. मनातल्या मनात.

या घरात एक मुलगी होती, पिपाणी. जन्मल्या जन्मल्या तिने जो सूर लावला त्यावरून बापानेच हे नाव ठेवलं. ती टेबलाखाली रांगत वाढली, टेबलाच्या उंचीची झाली तेव्हा स्प्रिंगा बसवायला लागली, आणि विशीत आली तोपर्यंत गाद्या बसवण्यात बापाच्या पुढे गेली. पण एक काम भात्याने तिला कधी करू दिलं नाही. गळतीची तपासणी.

त्यामागे एक प्रसंग होता. शाळेत असताना तिने एकदा खडू तोंडात धरला आणि रिकाम्या क्लॅरिनेटमध्ये ऐटीत फुंकर घातली. आम्ही हसलो. भाता हसला नाही. त्याने तिला समोर बसवलं, खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढला, सिगारेट पेटवली आणि तोंडातला धूर रुमालातून फुंकला. रुमालावर पिवळट तपकिरी डाग उठला.

"हे काय आहे?"

"डाग."

"हे बाबांच्या छातीत आहे. रोज जातंय. तुझ्या छातीत नाही गेलं पाहिजे. ही तपासणी तुझी नाही. बाकी सगळं दुकान तुझं."

आणि सिगारेट न विझवता तो कामाला लागला. ताई म्हणाली, "बोले तैसा चाले, हे आमच्यात नाही." पण पिपाणीने तो डाग लक्षात ठेवला. तिच्या वयाची पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर धूर सोडत, ही नाक दाबून पलीकडच्या फुटपाथवर जायची.

त्यांच्या घरची एक शर्यत होती. दुरुस्त झालेली क्लॅरिनेट तिचा सगळ्यात खालचा सूर एका दमात लांबवर वाजल्याशिवाय दुकानाबाहेर जायची नाही. आधी बाप वाजवणार, मग मुलगी. ज्याचा सूर लवकर तुटेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. सुरुवातीला चहा पिपाणी करायची आणि त्यात साखर विसरायची. पुढे चहा भाता करायला लागला. हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कप समोर ठेवताना म्हणायचा, "घ्या, हरलेल्याचा चहा. पोरीने आज पुन्हा झोपवलं मला."

हरण्याचं दुसरंही कारण होतं, पण त्यावर कोणी बोलत नव्हतं. सकाळी सहाच्या सुमारास भिंतीपलीकडून त्याचा खोकला सुरू व्हायचा. आम्हाला गजर लावावा लागत नसे. मग तो जिन्यात मध्येच थांबायला लागला. कठड्याला हात लावून, जणू काही कठड्याचीच चौकशी करतोय. ताईने त्याला अक्षरशः हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. निरोप्या म्हणून मीही गेलो.

डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीला नळी लावली. भाता म्हणाला, "बाई, तुमच्या या नळीचा जोड सैल आहे. वारा जातोय."

"नळीचा जोड ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा सैल झालाय. सिगारेट बंद."

आणि मग त्यांनी नीट समजावलं. तंबाखू जळते म्हणून डांबर होतं, विषारी वायू होतो, कॅन्सरला आवतण देणारी पन्नास रसायनं होतात. माणूस मरतो तो मुख्यतः या जळण्याने. अडकतो निकोटीनने, मरतो धुराने. निकोटीनच्या पट्ट्या मिळतात, दंडाला लावायच्या. चघळायच्या गोळ्या मिळतात. त्याने सुरुवात करा.

"पट्टी दंडाला लावून क्लॅरिनेटची गळती कशी दिसणार?" भात्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "काहीच जमलं नाही, तर ते व्हेप म्हणतात ना, बॅटरीवरचं, ते. त्यात काही जळत नाही. द्रव तापतो आणि त्याचे बारीक थेंब तुम्ही आत घेता. सिगारेट साफ सोडून त्यावर आलात तर धोका पुष्कळ कमी होईल. पण ऐका. कमी म्हणजे शून्य नाही. निकोटीन त्यातही आहे, हृदयाला ते मानवत नाही. दोन्ही ओढलंत तर फायदा जवळजवळ काहीच नाही. बाहेरचा बिनलेबलाचा द्रव घ्यायचा नाही. आणि शेवटी तेही सोडायचं. वीस-तीस वर्षांनी त्याने काय होतं ते आज कोणालाच माहीत नाही, कारण ती वस्तूच तेवढ्या वयाची नाही. कळलं?"

"कळलं," भाता म्हणाला.

एवढ्या भाषणातून त्याला जे कळलं ते दोन शब्दांचं होतं. सिगारेटपेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी तो पेनाएवढी चकचकीत वस्तू घेऊन आला. तिला त्याने नाव दिलं वाफारा. सर्दी झाली की डोक्यावरून टॉवेल घेऊन आपण पातेल्यातल्या पाण्याचा घेतो, तो वाफारा. एकदा वस्तूला औषधाचं नाव मिळालं की ती घरातलीच होते. पहिले काही आठवडे जेवणानंतरची एक सिगारेट चोरून चालू होती, ती ताईने पकडली. त्यानंतर मात्र भात्याने खरोखर सिगारेट सोडली. हे मी त्याच्या बाजूने सांगतो, कारण ते सोपं नव्हतं.

आणि गुण आला. सकाळचा खोकला ओसरला. आम्हाला गजर लावावा लागला. जिना तो न थांबता चढायला लागला, फोडणीचा वास त्याला खालपर्यंत यायला लागला. एकदा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साडूभाऊ, पावडरीला वास असतो! लग्नापासून ही पावडर लावते, मला आज कळलं." आता सांगा, अशा वस्तूबद्दल कोण वाईट बोलेल?

त्याने रुमालाची तपासणीही केली. सगळ्यांना गोळा करून वाफारा घेतला आणि पांढऱ्या रुमालातून फुंकला. रुमाल पांढराच राहिला. त्याने तो उजेडात धरला, उलटा केला, पिपाणीच्या हातात दिला.

"काही दिसतंय?"

"काही नाही बाबा."

"बघ! नुसती वाफ."

गळती शोधण्यातही वाफारा सरस निघाला. ढग दाट यायचा आणि काळ्या लाकडावर दोरा ठसठशीत दिसायचा. फक्त एक बारीक फरक मला खटकायचा. सिगारेट संपते. बोटाला चटका देऊन सांगते, बास. वाफाऱ्याला शेवटच नव्हता. तो पडद्याआड ओढता यायचा, फोनवर बोलताना ओढता यायचा, टेबलावर पेन्सिलीसारखा पडून राहायचा. भाता आता दिवसभर तपासणीच करत असे. त्यातला द्रव गोड, कलिंगडाच्या चवीचा, त्यामुळे दुकानात कलिंगडाचा वास कायमचा मुक्कामाला आला. ताई म्हणायची, "नवरा आहे की फळवाला?"

त्याची छाती बरी झाली, पण पहिली झाली नाही. पूर्वीच्या वर्षांनी जे नेलं होतं ते नेलंच. एका शाळेची वाद्यं ढिगाने आली, शाळेचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आलेला. दुपारपर्यंत भाता क्लॅरिनेटमागून क्लॅरिनेट वाफेने भरत होता आणि त्याच्या कानशिलावर घाम आला होता. पिपाणी शेजारी गाद्या बसवत होती. त्याने वाफाऱ्याचं तोंड पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे गं. उरलेल्या तू बघ."

पिपाणीने बापाकडे पाहिलं, मग त्या वस्तूकडे. "मी? तपासणी माझी नाही ना?"

"ती सिगारेटची. हा वाफारा आहे. रुमाल बघितलास ना तू?"

ताई जिन्यावर उभी होती. "अहो, तिला कशाला? तिने आयुष्यात कधी..."

"अगं, सिगारेटपेक्षा बरं!"

आणि पिपाणीने पहिला झुरका घेतला. इतकी खोकली, इतकी खोकली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोकता खोकता हसायला लागली. सगळेच हसले. क्लॅरिनेटच्या वरच्या झाकणापाशी पांढरा दोरा उठला आणि भाता ओरडला, "सापडली! पहिल्या फटक्यात सापडली! रक्तातच आहे पोरीच्या!"

त्या दिवसापासून तपासणी पिपाणीची झाली. भात्याने दुसरा वाफारा आणून दिला. तिचा वेगळा, निळा. बाप आपल्या उस्तादाची हत्यारं लेकीला देतो तसा त्याने तो दिला. लेकीने तसाच घेतला.

ऋतू बदलले. दुकानाचं नाव झालं. आणि एके सकाळी अग्निशामक दलाचा बँडमास्तर क्लॅरिनेटची पेटी काखोटीला मारून आला. हा माणूस 'नमस्कार' सुद्धा आग लागल्यासारखा घालतो.

"भाता! माझ्या तिसऱ्या क्लॅरिनेटमध्ये कोण राहतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा!"

पेटी उघडली. क्लॅरिनेटच्या अंगावरून मुंग्यांची रांग चालली होती. एका झाकणाखालून आत, दुसऱ्या झाकणाखालून बाहेर, त्याच्या बँडपेक्षा कितीतरी शिस्तीत.

"काल सलामीच्या वेळी वाजवणारा थू थू करत सुटला. प्रमुख पाहुण्यांसमोर! साहेबांना वाटलं पगारवाढीचं आंदोलन आहे. आणि चाव्या चिकटतात. दाबलेली वर येत नाही. आणि वास घ्या, वास! आग विझवणारी माणसं आम्ही, आमच्या वाद्याला कलिंगडाचा वास!"

मी हसत होतो. भात्याने मुंग्या झटकल्या, एक झाकण सोडवलं, गादी उलटी केली आणि तिच्यावर बोट टेकवलं. बोट उचललं तेव्हा टच् असा बारीक आवाज झाला. त्याने पुन्हा टेकवलं. पुन्हा टच्. मग त्याने खिशातला पांढरा रुमाल काढला आणि गादीवर दाबून सोडून दिला. रुमाल पडला नाही. पांढराशुभ्र, एक डाग नाही, आणि त्या गादीला धरून लोंबकळत राहिला.

माझं हसणं कुठे थांबलं ते मला आठवत नाही. भाता रुमालाकडे बघत होता. मग त्याने खिडकीपाशी बसलेल्या पिपाणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून स्प्रिंग बसवत होती आणि तिच्या नाकातून पांढरा दोरा निघत होता. तिच्या हातातल्या ट्रम्पेटला एकही गादी नसते.

बँडमास्तर गेल्यावर भाता म्हणाला, "आजपासून वाद्यांत वाफ नाही. कागदाची पट्टी सरकवून गळती बघता येते. नळीत दिवा सोडून बघता येते. पहिल्यापासून येत होतं."

"बरं बाबा," पिपाणी म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की ताईने वरून डोकावून बघितलं.

वाद्यांतली वाफ थांबली. गाद्या बदलल्या, नळ्या स्पिरिटने पुसल्या, मुंग्या गेल्या. पण दुकानातला वास गेला नाही. पिपाणी मधूनच "आले" म्हणून मागच्या अंगणात जायची. कोणी हाक मारली की वसकन अंगावर यायची, मग स्वतःच ओशाळायची. तिला एक कोरडा, छोटा खोकला लागला. बापाचा खोकला कसा, भिंती हलवणारा. हा खोकला दार न वाजवता आत आलेल्या माणसासारखा होता.

आणि एका दुपारी शर्यत लागली. भाता काय, आता नावापुरता वाजवायचा. त्याचा सूर तुटला, त्याने हसून क्लॅरिनेट लेकीकडे दिली आणि चहा टाकायला उठलासुद्धा. पिपाणीने दम घेतला, खालचा सूर लावला. तो सूर मी वर्षानुवर्षं ऐकलाय. जमिनीतून येतो तसा यायचा आणि आपण दुसऱ्या गोष्टीचा विचार करायला लागलो तरी चालूच असायचा. त्या दिवशी तो मध्येच खरखरला. खोकल्याने तुटला. भाता दोन पावलं गेला होता, तिथेच थांबला. मागे वळला नाही.

"क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती ओली झाली होती," पिपाणी म्हणाली.

"असेल," भाता म्हणाला.

त्या दिवशी चहा पिपाणीने केला. साखर बरोबर होती. कोणालाच प्यावासा वाटला नाही.

त्यानंतर आठवड्याभरात बँडमास्तरने मोठा ढोल पाठवला. एका बाजूचं कातडं फाटलेलं, ते काढून ढोल उघडं तोंड वर करून ठेवलेला. जेवणं झाली होती. भात्याला चष्मा हवा होता म्हणून आम्ही दोघं खाली गेलो. दुकानात कोणी दिसेना. ढोलाच्या उघड्या तोंडातून मात्र पांढरा धूर संथपणे वर येत होता, चूल पेटल्यासारखा.

ढोलापलीकडे पिपाणी जमिनीवर बसली होती. तोंड ढोलात, म्हणजे वास बाहेर फार पसरू नये. आम्हाला पाहून तिने मान वर केली.

"काय करतेस?" भात्याने विचारलं.

"गळती बघत होते."

ते तिच्या तोंडून सवयीने गेलं. तिलाही ते बोलल्यावर ऐकू आलं. आमच्या दोन्ही घरांत ज्या वाक्यावर हसून हसून मुरकुंडी वळायची, ते वाक्य त्या दुकानात पडून राहिलं आणि कोणी उचललं नाही.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून? तुम्हीच दिलंत ना?" तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "सोडून बघितलं बाबा. तीनदा बघितलं. बोटं थरथरतात, स्प्रिंग बसत नाही. डोकं फुटतं. आणि तुम्हीच म्हणालात ना... सिगारेटपेक्षा बरं आहे ना?"

भाता ढोलाच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला. जिन्यात कठड्यावर ठेवायचा तसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंसमोर होतो. नळी या वेळी पिपाणीच्या पाठीला होती. भाता नळीबद्दल काही बोलला नाही.

"यांच्यासाठी बरं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "कारण यांची तुलना सिगारेटशी होती. हिची तुलना कशाशी करता? ही तर स्वच्छ हवा घेत होती."

"कुठे गळतंय तेवढं सांगा," भाता म्हणाला. "जागा सांगा. किती वाढेल ते सांगा."

"घसा, श्वासनळ्या चिडल्यात. सोडलं तर खोकला जाईल, असं वाटतं. नाही सोडलं तर पुढे काय, ते मला माहीत नाही. कोणालाच नाही. सिगारेटचा हिशेब लागायला पिढ्या गेल्या. याचा हिशेब हिच्या वयाची माणसं देणार आहेत."

भात्याच्या चेहऱ्यावरचे ते भाव मी विसरणार नाही. आयुष्यभर ज्याने गळतीवर नेमकं बोट ठेवलं, त्याला कोणीतरी सांगत होतं की दोरा दिसेल, पण वीस वर्षांनी.

पिपाणीला पट्ट्या दिल्या, हळूहळू कमी करायच्या. बाहेर पडता पडता ती म्हणाली, "बाबांचा वाफारा टेबलावर असेल तर माझ्याच्याने नाही होणार."

भाता म्हणाला, "मग मीही सोडतो."

डॉक्टरबाईंनी त्याला दारातून परत बोलावलं. मी मागे उभा होतो. "सोडा, पट्टी लावून सोडा. पण हे सोडून परत सिगारेटवर गेलात, तर पुढच्या वेळी जिना चढून माझ्याकडे यायला जमणार नाही तुम्हाला." आता त्या माणसाची अवस्था बघा. हातातली काठी फेकावी तर आपण पडणार, धरावी तर लेक पडणार.

दोघांनी दोन्ही वाफारे ताईच्या स्वाधीन केले. ताईने ते कपाटात टाकून किल्ली पदरात बांधली. घरात दोन चिडकी माणसं आणि एक किल्लीवाली, असा संसार सुरू झाला. भांडणं इतकी, की निरोप पोचवता पोचवता मला दम लागायला लागला. पण दुकानातला वास हळूहळू विरला. लाकडाचा, स्पिरिटचा, पितळेचा वास परत आला. पिपाणीचा खोकला उतरला. मी माझ्या बायकोला म्हणालोही, सुटलं बाई एकदाचं.

एका सकाळी ताईने भिंतीवर थापा मारून मला बोलावलं. हा आमच्यातला तातडीचा निरोप. मी गेलो. भाता जिन्याच्या तळाशी उकिडवा बसला होता. त्याने बोट दाखवलं.

मुंग्या.

अंगणाच्या दाराखालून रांग आली होती. भिंतीच्या कडेकडेने दुकान ओलांडून जिन्यापाशी पोचली होती, आणि पहिल्या पायरीजवळ तिला दोन फाटे फुटले होते. एक फाटा जिन्याने वर गेला होता. तो मी बघून आलो. पिपाणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलेल्या तिच्या स्वतःच्या क्लॅरिनेटच्या पेटीत तो शिरत होता. खोलीत पिपाणी झोपली होती. झोपेत एकदा खोकली.

खाली आलो. "वर पेटीत आहे," मी म्हणालो.

भात्याने मान हलवली. पण तो वर बघत नव्हता. दुसरा फाटा दुकानातच राहिला होता. भिंतीवर चढून, खुंटीपर्यंत जाऊन, त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात उतरत होता.

ताई दारात होती. तिने पदराची किल्ली चाचपून पाहिली. किल्ली जागेवर होती. कपाटातले दोन्हीही जागेवर असणार. हे नवे होते. तिने एवढंच विचारलं, "दोघांनीही?"

भात्याने कोपऱ्यातलं ओलं फडकं उचललं. मला वाटलं, कोटाचा फाटा पुसतोय. लेक उठायच्या आत पुसला असता तर तिला कधी कळलं नसतं, आणि मग तिच्या पेटीतल्या फाट्यावर बोट ठेवायला तो मोकळा होता. तो खुंटीपर्यंत गेला. फडकं हातात घेऊन तिथे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फडकं खाली टाकलं, खिशात हात घातला, आणि मुंग्यांसकट ती वस्तू काढून टेबलावर ठेवली. खिडकीखाली, भर उजेडात.

"पिपाणी," त्याने हाक मारली. आवाज वरपर्यंत पोचला नाही. त्याला दुसऱ्यांदा दम घ्यावा लागला. "ए पिपाणी, खाली ये. येताना पेटी घेऊन ये."

ती आली. पेटी छातीशी धरून, शेवटच्या पायरीवर उभी राहिली. तिने टेबलाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. तो स्टुलावर बसला होता आणि दुसरं स्टूल त्याने शेजारी ओढून ठेवलं होतं.

"बस. ओरडत नाही मी. ओरडायला तोंड नाही मला."

मग तिने पेटी उघडली, गाद्यांच्या डबीखालून एक हिरवी वस्तू काढली आणि बापाच्या वस्तूशेजारी ठेवली.

"पुन्हा पहिल्यापासून?" तिने विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून. मला नाही जमलं तर तू सांगायचं. तुला नाही जमलं तर..."

"तर मुंग्या सांगतील," ताई म्हणाली, आणि चहा टाकायला वर गेली. तिच्या पायांचा आवाज जिन्यात मध्येच थांबला, एवढं मी ऐकलं.

टेबलावर मुंग्या थोडा वेळ गोंधळल्या. इकडेतिकडे धावल्या. मग त्यांची पुन्हा रांग लागली, आणि बाप-लेक शेजारीशेजारी बसून ती कुणाकडे जाते ते बघत राहिले.